एवढं वजन, मग ताकद गेली कुठं?

“मॅडम, आईचं वजन ८४ किलो आहे. अशा माणसाचे स्नायू कमी कसे असतील?” औसा तालुक्यातून आईला घेऊन आलेल्या मुलाचा हा प्रश्न. लातूरला गुडघेदुखीच्या रुग्णांशी बोलताना तो मला सारखा ऐकावा लागतो.

आक्का एकसष्ट वर्षांच्या, माळकरी. एक्स-रेत दोन्ही गुडघ्यांची झीज दिसलेली. ‘आधी वजन उतरवा’ असं कुणीतरी म्हणालं आणि त्यांनी रात्रीची भाकरीच सोडली. एकादशी, गुरुवार वेगळेच. सात किलो उतरले, घरचे खूश. “गुडघं दुखायलेतच, आता खाटंवरून उठायलाबी हात द्यावा लागायलाय,” हे मात्र कुणी मनावर घेतलं नव्हतं.

गुडघा दुखतो म्हणून माणूस बसून राहतो आणि मांडीचा पुढचा स्नायू रोडावतो. गुडघा सावरायचं काम त्याचंच, त्यामुळे दुखणं आणखी वाढतं. त्यात उपाशी राहिलं की चरबीबरोबर स्नायूही झडतो. पाय मात्र चरबीमुळे भरलेलाच दिसतो. आक्कांच्या पोटरीचा घेर ३६ सेंटीमीटर भरला. आशियाई निकषांत बायकांसाठी ३३ च्या आत भरला तर स्नायू कमी असल्याचा संशय धरतात. म्हणजे टेपवर विसंबले असते, तर त्यांना ठणठणीत ठरवून घरी पाठवलं असतं.

म्हणून आधी पाच प्रश्न विचारले. साडेचार-पाच किलोची ज्वारीची पिशवी उचलता येते का? खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालणं, खुर्चीतून उठणं, दहा पायऱ्या चढणं कितपत जड जातं? वर्षभरात किती वेळा पडलात? प्रत्येकाला शून्य ते दोन गुण. बेरीज चार किंवा जास्त आली तर पुढची तपासणी. आक्कांची सहा आली.

पण गुडघेदुखीत यातले तीन प्रश्न नुसत्या वेदनेनंही गुण वाढवतात. मला हाताची पकड मोजणं म्हणूनच जास्त भरवशाचं वाटतं. गुडघ्याची कळ तिथं आड येत नाही. (बोटांचे सांधे सुजलेले असतील तर गोष्ट वेगळी.) बायकांत १८ आणि पुरुषांत २८ किलोच्या खाली पकड म्हणजे कमजोर. आक्कांची १५. पुढे शरीरातल्या स्नायू-चरबीचं प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावरही स्नायू कमीच निघाला.

वजन उतरवणं थांबवलं नाही, पद्धत बदलली. मूत्रपिंडाची तपासणी ठीक आल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्यानं प्रथिनं वाढवली: पातळ आमटीऐवजी घट्ट वरण, मोडाची मटकी, दही, संध्याकाळी मूठभर फुटाणे. रात्रीची अर्धी भाकरी परत आली. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबणं आणि उंच खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं फिजिओथेरपिस्टनी शिकवलं. थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशीही कळ राहिली तर व्यायाम कमी करायचा.

तीन महिन्यांनी काटा दीडच किलोनं हलला होता, म्हणून मुलगा नाराज. पकड १८ वर आलेली आणि आक्का खुर्चीतून एकट्या उठत होत्या. मी त्याला सांगितलं, काट्यावर महिन्यातून एकदाच उभं करा; पण त्या खुर्चीतून लागोपाठ किती वेळा उठतात, ते दर आठवड्याला लिहून ठेवा. आणि एकच पाय झपाट्यानं बारीक होऊ लागला किंवा पायाला मुंग्या, बधिरपणा आला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता आधी डॉक्टरांकडे न्या.