आधी पाचही बाटल्या कपाटात ठेवा

ताई, तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: वय ४१, डोळ्यांच्या कडेला बारीक रेषा, गालांवर वांगाचे पुसट डाग. चेहरा तरुण दिसावा म्हणून एकाच आठवड्यात व्हिटॅमिन सी सीरम, ग्लायकोलिक टोनर, नायसिनमाइड आणि रेटिनॉल असं सगळं सुरू केलंत, वर अधूनमधून स्क्रब. आता चेहऱ्याची आग होते, नाकाच्या बाजूला पापुद्रे निघतात, आणि तुम्ही विचारताय की कशावर काय लावायचं. क्रम सांगते, पण तो नंतर. आधी हे सगळं बंद करा.

साधं मॉइश्चरायझर लावलं तरी चुरचुरतं, असं तुम्ही जाता जाता म्हटलंय. माझ्या लेखी तुमच्या अख्ख्या प्रश्नातलं तेच महत्त्वाचं वाक्य आहे. धडधाकट त्वचेला साधं क्रीम सहसा झोंबत नाही. त्वचेचा अगदी वरचा थर कागदाहूनही पातळ असतो: मृत पेशी, आणि त्यांच्या फटी बुजवणारे सेरामाइड, कोलेस्टेरॉलसारखे स्निग्ध पदार्थ. ग्लायकोलिकसारखी आम्लं आणि रेटिनॉल यांचा एकदम मारा झाला, वरून स्क्रबने घासलं, की हा थर विस्कटतो. मग आतलं पाणी उडून जातं आणि बाहेरून लावलेलं काहीही टोचायला लागतं. ‘आग होतेय म्हणजे प्रॉडक्ट काम करतंय’ हे कुणी सांगितलं असेल तर ते विसरून जा.

पुढचे तीन-चार आठवडे फक्त तीन गोष्टी. रात्री सौम्य, बिनसाबणाचा क्लिन्झर, सकाळी नुसतं पाणी. साबणाचा पीएच ९-१०च्या घरात असतो आणि त्वचेचा साधारण ५, त्यामुळे अंगाचा साबण चेहऱ्याला नकोच. धुतल्यावर कातडी ताणल्यासारखी वाटली, तर तो फेसवॉश तुमच्यासाठी नाही, बाटलीवर काहीही लिहिलेलं असो. मग चेहरा ओलसर असतानाच बिनवासाचं साधं क्रीम. पापुद्रे निघतात तिथे रात्री त्यावर पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात. आणि दिवसा सनस्क्रीन. महिन्याभरात आग थांबली नाही किंवा लाली वाढत गेली, तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा, कारण एखाद्या घटकाची ॲलर्जी किंवा रोझेशिया (चेहरा लाल करणारा त्वचेचा आजार) असेल तर ते घरी बसून ओळखता येत नाही.

सनस्क्रीनबद्दल सविस्तर लिहिते, कारण तुमच्या यादीत तेच नव्हतं.

आपण ज्याला वय दिसणं म्हणतो, त्यात चेहऱ्यापुरता तरी उन्हाचा वाटा फार मोठा असतो. स्वतःच्या दंडाच्या आतल्या बाजूची कातडी आणि हाताच्या पंजावरची कातडी शेजारी धरून बघा. दोन्हींचं वय तेच आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमधल्या नॅम्बूर इथे १९९२ ते १९९६ या काळात मोठी चाचणी झाली. काहींना रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं, बाकीच्यांना मनाला येईल तेव्हा. मग ५५ वर्षांखालच्या ९०३ जणांच्या हाताच्या मागच्या बाजूचे सिलिकॉनचे ठसे घेऊन सुरुवातीच्या आणि शेवटच्या ठशांची तुलना केली. साडेचार वर्षांनी रोज लावणाऱ्यांच्या त्वचेवर वयाच्या खुणा २४ टक्के कमी वाढलेल्या होत्या. हे निष्कर्ष २०१३मध्ये छापून आले. बाजारातल्या किती सीरमांच्या मागे एवढा पुरावा आहे?

‘मी तर घरात किंवा गाडीतच असते’ हे उत्तर मी नेहमी ऐकते. उन्हातले भाजून काढणारे यूव्हीबी किरण काच बऱ्यापैकी अडवते, पण यूव्हीए किरणांचा मोठा भाग साध्या काचेतून आत येतो आणि त्वचेत खोलवर, तिला घट्ट ठेवणाऱ्या कोलॅजन या प्रथिनापर्यंत पोचतो. २०१२मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो आला होता. अठ्ठावीस वर्षं गाडी चालवताना खिडकीकडे असलेली त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू खोल सुरकुत्यांनी भरलेली, उजवी मात्र त्याहून कितीतरी नितळ.

आता प्रमाण, कारण बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. बाटलीवरचा एसपीएफ, म्हणजे ऊन किती अडवतं त्याचा आकडा, प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून मोजतात, आणि आपण लावतो त्याच्या निम्मं किंवा त्याहूनही कमी. कागदावर एसपीएफ ३० आणि ५० यांत ९७ आणि ९८ टक्के यूव्हीबी अडवण्याएवढाच फरक असतो, पण हात आखडता असतो म्हणून मी ५० सुचवते. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या टोकापासून मुळापर्यंत एकेक जाडसर रेघ काढा. तेवढं चेहरा आणि मानेसाठी लागतं. एकदम थापलं की पांढरं दिसतं, वळ्या पडतात आणि माणूस वैतागून उरलेलं पुसून टाकतो. म्हणून आधी एका बोटावरचं टिपके टिपके करून पसरा, ते बसलं की दुसऱ्या बोटावरचं. कान आणि केसांच्या रेषेजवळची जागा हमखास राहून जाते. उन्हात असाल तर दर दोन तासांनी, आणि घाम पुसला की पुन्हा.

वांगासाठी आणखी एक गोष्ट. हे डाग नुसत्या अतिनील किरणांनीच नाही, तर डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही गडद होतात. तो अडवायला आयर्न ऑक्साइड असलेलं, रंग दिलेलं सनस्क्रीन लागतं. आपल्या रंगाशी जुळणारी छटा घ्या. आणि जे काटकसरीने वापरावंसं वाटेल इतकं महाग घेऊ नका. स्वस्तातलं पण पोटभर लावलेलं बरं.

चेहरा शांत झाला, क्रीम झोंबेनासं झालं, की कपाटातून पहिली बाटली काढायची ती रेटिनॉलची. सुरकुत्यांवर सर्वांत भक्कम पुरावा आहे तो अ जीवनसत्त्वाच्या या कुळाचा. फिलाडेल्फियाचे त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी या कुळातलं ट्रेटिनॉइन आधी मुरुमांसाठी वापरलं, आणि उन्हाने खराब झालेल्या त्वचेवरच्या त्याच्या परिणामाबद्दल १९८६मध्ये लिहिलं. कोलॅजन तोडणाऱ्या विकरांना हे औषध लगाम घालतं आणि नवं कोलॅजन तयार व्हायला मदत करतं. ट्रेटिनॉइन डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायचं. तुमच्याकडचं रेटिनॉल त्वचेत गेल्यावर दोन टप्प्यांत रेटिनॉइक आम्लात, म्हणजे ट्रेटिनॉइनमध्येच बदलतं, त्यामुळे सौम्य आणि हळू. सुरुवातीला तेच बरं.

लावायचं आठवड्यातून दोन रात्री. चेहरा धुऊन पूर्ण कोरडा होऊ द्यायचा, मग थोडं साधं क्रीम, मग वाटाण्याएवढं रेटिनॉल कपाळ, दोन्ही गाल आणि हनुवटीवर टिपक्यांनी ठेवून पसरायचं, वर पुन्हा क्रीम. नाकपुड्यांच्या खाचा, ओठांचे कोपरे आणि पापण्या सोडायच्या. तुमचे पापुद्रे नेमके तिथलेच आहेत. महिनाभर काही त्रास नसेल तर एक दिवसाआड. थोडा कोरडेपणा चालतो, आग चालत नाही. डोळ्यांकडच्या रेषांत फरक दिसायला चार ते सहा महिने धरून चाला. चेहऱ्यावर वॅक्सिंग करत असाल तर आधी काही दिवस हे बंद ठेवा, नाहीतर मेणाबरोबर कातडीही सोलून निघते. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल, तर या कुळातलं काहीही नको.

बाकीच्यांचं पटकन. व्हिटॅमिन सी चांगलं आहे, सकाळी सनस्क्रीनखाली. पण ॲस्कॉर्बिक ॲसिड हवा-उजेडाने लवकर खराब होतं, सीरम गडद तपकिरी झालं असेल तर टाकून द्या. नायसिनमाइड निरुपद्रवी, पुष्कळ क्रीममध्ये असतंच, वेगळी बाटली संपवायची तर संपवा. ग्लायकोलिक हवंच असेल तर खूप नंतर, आठवड्यातून एकदा, रेटिनॉलच्या रात्री नाही. स्क्रब कायमचा बाद. एका वेळी एकच नवी गोष्ट, आणि दोन नव्या गोष्टींमध्ये महिन्याभराचं अंतर, म्हणजे बिघडलं तर कुणामुळे ते कळेल. आणि तुमचा क्रम: पातळ ते घट्ट, सकाळी सर्वांत शेवटी सनस्क्रीन. एवढंच.

कोलॅजन क्रीम घेऊ का, असंही विचारलंय. कोलॅजनचा रेणू सुमारे तीन लाख डाल्टनचा (डाल्टन हे रेणूचं वजन मोजायचं माप), आणि त्वचेतून आत शिरायला कुठलाही रेणू साधारण ५०० डाल्टनच्या आत असावा लागतो. म्हणजे ते वरच राहणार आणि मॉइश्चरायझरचं काम करणार. ओघळलेली हनुवटी किंवा नाकापासून ओठांपर्यंतच्या खोल घड्या हा चरबी आणि हाडांच्या झिजेचाही मामला आहे; तिथे कुठल्याच डबीतल्या क्रीमचा पाड लागत नाही. सिगारेट ओढत असाल तर मात्र ती सोडण्याचा उपयोग या सगळ्या सीरमांपेक्षा जास्त.

शेवटचं, वांगावरच्या ‘आठवड्यात उजळ’ छाप क्रीमबद्दल. डबीवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन यांपैकी नाव दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. पहिले काही दिवस चेहरा खरंच चमकतो, म्हणून तर लोक फसतात. मग कातडी पातळ होते, चेहऱ्यावर लव येते, आणि बंद केलं की लाली, पुटकुळ्या. वांगासाठी डॉक्टर देतात त्या मिश्रणातही कधीकधी सौम्य स्टेरॉइड असतं, पण ते मोजक्या आठवड्यांपुरतं आणि देखरेखीखाली. घरात आधीच अशी एखादी ट्यूब असेल आणि तुम्ही ती बरेच दिवस लावत असाल, तर एकदम थांबवू नका. ट्यूब घेऊनच डॉक्टरांकडे जा, म्हणजे ती हळूहळू कशी सोडायची ते ते सांगतील.