ब्लेंडरमध्ये (थ्रीडी सॉफ्टवेअर) सोलापुरी चादर प्लास्टिकसारखी चकचकीत दिसते, काय चुकतंय?

बहुतेक वेळा चूक रफनेसची, म्हणजे पृष्ठभागाच्या खरखरीतपणाच्या सेटिंगची असते. प्रिन्सिपल्ड शेडरमध्ये (ब्लेंडरचं मुख्य मटेरियल नोड) मेटॅलिक ० आणि रफनेस ०.८५च्या आसपास ठेवा, शीन (कापडाच्या कडेची मऊ झाक) अगदी थोडं द्या, सूत लगेच सुती वाटायला लागेल. मी इथल्या चादर-टॉवेलवाल्यांसाठी कॅटलॉगचे रेंडर करतो, त्यातून शिकलेल्या दोन गोष्टी:

- रंगाचा फोटो सावलीत, चादर सपाट पसरून काढा. आपल्याकडच्या दुपारच्या उन्हात धाग्यांच्या सावल्या फोटोतच उतरतात, मग सीनमधला लाइट कुठूनही आला तरी खोटा दिसतो. रफनेस आणि नॉर्मल मॅपला (उंचसखलपणा दाखवणारं टेक्स्चर) कलर स्पेस 'नॉन-कलर' हवंच, नाहीतर वीण विचित्र दिसते.
- चादरीचा कोपरा उलटवून बघा: नक्षी तीच, पण रंग अदलाबदल झालेले. हे दाखवलं नाही तर सोलापूरचा माणूस लगेच ओळखतो. जॉमेट्री नोडचं 'बॅकफेसिंग' (मागची बाजू ओळखणारं आउटपुट) मिक्स नोडच्या फॅक्टरला जोडून दोन्ही बाजूंना वेगळे टेक्स्चर द्या.

फक्त ही बॅकफेसिंगची युक्ती जाडी नसलेल्या प्लेनवरच चालते. सॉलिडिफाय (जाडी देणारा मॉडिफायर) लावलात तर मागच्या बाजूला वेगळं मटेरियल द्यावं लागेल.