ओआरएसमध्ये मिठाबरोबर साखर का असते?

चवीसाठी नाही, जुलाबात साखरेशिवाय मीठ आतड्याच्या पेशीत नीट शोषलंच जात नाही म्हणून असते. पेशीचं आवरण चरबीचं, त्यातून मिठातलं सोडियम आपोआप आरपार जात नाही, त्याला प्रोटीनचं दार लागतं, आणि आतड्यातलं एसजीएलटी-१ नावाचं दार साखरेतल्या ग्लुकोजच्या एका रेणूसोबत सोडियमचे २ आयन (विद्युतभारित कण) आत घेतं, मग त्यांच्यामागे पाणी येतं. कॉलरातही हे दार चालू राहतं, म्हणूनच १९७१ ला पश्चिम बंगालमधल्या बनगावला बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांमध्ये कॉलराची साथ आली तेव्हा डॉ. दिलीप महालनाबिस यांनी याच मिश्रणावर कितीतरी पेशंट वाचवले. फक्त अंदाजाने जास्त साखर टाकू नका प्लीज, विशेषतः लहान मुलांना देताना, कारण मग ऑस्मोसिसने (पाणी जास्त दाट द्रावणाकडे जातं त्याने) पाणी उलट आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. घरी करायचं तर १ लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सपाट ६ चमचे साखर, त्याच चमच्याने सपाट अर्धा चमचा मीठ.