किडनीला मार लागला, ऑपरेशन झालं नाही, मग परत स्कॅन कधी?

हा घोळ इतक्यांदा विचारला जातोय की सगळ्यांना एकत्रच उत्तर देतोय. ग्रेड म्हणजे किडनीच्या इजेची पायरी, १ सगळ्यात हलकी, ५ सगळ्यात गंभीर.

प्रश्न: मुलगा १३ वर्षांचा, कबड्डीत पडला, सीटीत ग्रेड १ आलं. आता दर महिन्याला सीटी करायचा म्हणतात.

नको. ग्रेड १-२ ला, पोरगं खेळतंय-खातंय, ताप नाही, लघवी साफ आहे तर परत सीटी कशाला, उगाच रेडिएशन. शंका आली तर सोनोग्राफी करा. 'फॉलोअप पॅकेज' विकणाऱ्यांना सरळ विचारा, नक्की काय शोधताय?

प्रश्न: नवऱ्याचा बाइकवरून अपघात झाला, ग्रेड ४ आहे. आता बरं वाटतंय, दीर म्हणतात दुसरा सीटी पैसे काढायला सांगतात, सोनोग्राफी करून घरी चला.

ताई, हा सीटी टाळू नका. ग्रेड ४ म्हणजे बहुतेक वेळा चीर लघवी जमा होते तिथपर्यंत गेलेली असते, नाहीतर आतल्या रक्तवाहिनीला इजा असते. लघवी गळतेय का हे कॉन्ट्रास्ट (स्कॅनमध्ये उठून दिसणारं, शिरेतून देतात ते औषध) दिल्यावर साधारण १० मिनिटांनी काढलेल्या फिल्ममध्येच नीट दिसतं, आणि अपघाताच्या गडबडीत नेमक्या त्याच बऱ्याचदा राहून जातात! म्हणून साधारण ४८ तासांनी परत सीटी, उशिराच्या फिल्मसकट. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनच्या गाइडलाइनमध्येही खोल जखमेला हेच सांगितलंय, पैशासाठी कोणी काढलेलं नाही. सोनोग्राफीत पाणी दिसतं पण ते रक्त की लघवी हे खात्रीने कळत नाही. गळती वाढत असेल तर डीजे स्टेंट, म्हणजे किडनीपासून मूत्राशयापर्यंतची बारीक नळी, टाकून काम होतं, पण पू झाल्यावर आलात तर प्रकरण वाढतं. आणि दुसरी भीती, जखमी रक्तवाहिनीला फुगा येतो, लघवी साफ झालेली असते आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अचानक परत लालभडक होते. तेव्हा 'थोडं थांबून बघू' नाही, रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा, बऱ्याचदा तारेने आतूनच वाहिनी बंद करता येते, किडनी वाचते. ताप, कुशीतलं वाढतं दुखणं, पोट फुगणं, चक्कर, यातलं काहीही झालं तरी तेच. घरी सोडायचं की नाही हे दिराने नाही, युरॉलॉजिस्टने ठरवायचं.

प्रश्न: क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) नॉर्मल आलं, म्हणजे किडनी बरी झाली ना?

तसं नाही. दुसरी किडनी चांगली असली की आकडा नॉर्मलच येतो. मार लागलेली किती काम करते हे बघायला काही महिन्यांनी डीएमएसए स्कॅन करतात. तुम्हाला लागेल का, ते ग्रेड बघून डॉक्टर सांगतील.

प्रश्न: पुनर्नव्याच्या काढ्याने जखम लवकर भरते म्हणे?

जखम आपली आपणच भरते. काढा, 'डिटॉक्स' पावडर काही डॉक्टरांना न विचारता घेऊ नका.

प्रश्न: स्टेंट टाकलाय, त्रास काहीच नाही. राहू दे का?

अजिबात नाही! काढायची तारीख आजच विचारून घ्या. विसरलेल्या स्टेंटवर खडा धरतो.

प्रश्न: बैलाने कुशीत मारलं होतं, ऑपरेशन लागलं नाही. आता ८ महिन्यांनी बीपी वाढलंय, संबंध असेल?

असू शकतो. किडनीभोवती जमलेल्या रक्ताचा किंवा वणाचा दाब पडला, नाहीतर तिला रक्त कमी पोचलं, तर बीपी वाढतं. डॉक्टर देतील ती गोळी सुरू करा पण त्यांना जुना मार आवर्जून सांगा, तेव्हाच्या स्कॅनची सीडी बरोबर न्या, नुसता रिपोर्टचा कागद पुरत नाही. या आठवड्यातच जा.