ऑफिस सांभाळून रोज टिकेल असा व्यायाम कोणता?

जिमची वर्षाची फी एकदम भरू नका, हे आधी सांगतो, मी दोनदा भरलीय आणि दोन्ही वेळा दीड महिन्यात गाडी थांबली. पुण्यात असाल तर पर्वती बघा, १०३ पायऱ्या, फी शून्य, आणि रोज तेच चेहरे दिसतात, त्यामुळे दोन दिवस दांडी मारली की काका लोक विचारतातच "काय हो, कुठे होता?" माझं तर त्या लाजेपायीच टिकलं. टेकडी जवळ नसेल तर सूर्यनमस्कार, चटईएवढी जागा पुरते, पण पहिल्याच दिवशी ५० घालायला जाऊ नका, दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही (अनुभव आहे), ६ पासून सुरू करा आणि दात घासले की लगेच घाला, चहा नंतर. डब्ल्यूएचओ मोठ्यांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगतं, शिवाय दोन दिवस ताकदीचा, आणि २०२० पासून सलग १० मिनिटांची अटही काढलीय, म्हणजे स्टेशनपर्यंत झपझप चाललात तरी ते धरायचं. गुडघे दुखत असतील तर मात्र पायऱ्यांआधी डॉक्टरांना विचारा.