पर्पल फिंच जांभळा का नाही?

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात लेकीकडे राहणाऱ्या एका आजींचा प्रश्न आहे. त्या राज्याचा राज्यपक्षी पर्पल फिंच. नातीला त्यांनी मराठीत ‘जांभळी चिमणी’ असं सांगितलं, तर नात म्हणाली, “आजी, तो जांभळा कुठाय? लालच आहे!” मग मराठीत काय म्हणावं?

आजी, नातीची नजर अगदी बरोबर आहे. आपण शाळेत ‘तानापिहिनिपाजा’ घोकलं. त्यातला ‘जा’ सगळ्यात शेवटी येतो आणि हा पक्षी बसतो पहिल्या ‘ता’पाशी. जांभळा म्हणजे जांभळाच्या सालीचा रंग, निळसर काळपट. या नराचं डोकं, छाती आणि पाठ पाहिली तर डाळिंबाच्या रसाने माखलेला हात त्यावरून फिरवल्यासारखी दिसते.

मग नावात पर्पल कुठून आला? या शब्दाचं मूळ लॅटिन ‘पुर्पुरा’. भूमध्य समुद्रातल्या एका जातीच्या शंखातल्या गोगलगायीपासून काढलेला तो मोलाचा राजवस्त्री रंग. त्याच्या छटा गर्द लालापासून जांभळ्यापर्यंत जात. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ ग्मेलिनने 1789 मध्ये या पक्ष्याला ‘पुर्पुरिया’ हे लॅटिन नाव दिलं, ते या लालाकडच्या अर्थाने समजलं तर पक्ष्याला चपखल बसतं. पुढे इंग्रजीतला पर्पल निळ्याकडे सरकला, नाव मात्र जागेवरच राहिलं. म्हणजे आपण आजचा पर्पल मराठीत आणतो आणि रंग चुकतो.

मला ‘किरमिजी’ हा शब्द फार आवडतो. तो अरबी ‘किर्मिझ’वरून आला. किर्मिझ म्हणजे लाल रंग देणारा एक किडा. इंग्रजीतला क्रिम्झनही त्याच घरातला. एका रंगाचा उगम शंखात, दुसऱ्याचा किड्यात, आणि या पक्ष्याच्या पिसांत दोन्ही जवळ येतात! पण नातीसाठी ‘डाळिंबी फिंच’ म्हणा. डाळिंब तिने खाल्लेलं असेल, किरमिजी समजवायला वेळ लागेल.

‘चिमणी’ मात्र सोडून द्या. चिमणीचं कुळ वेगळं, आणि अमेरिकेत ती युरोपातून आणलेली पाहुणी. मुनियाही नको, तिचंही कुळ वेगळं. फिंच शब्द तसाच ठेवण्यात मला काहीच कमीपणा वाटत नाही. हिवाळ्यात सह्याद्रीत येणारा रोजफिंच याचा कुळबंधू आहे. एकेकाळी दोघांना एकाच प्रजातीगटात, कार्पोडॅकसमध्ये, धरत. आता हा धरून अमेरिकेतले तीन फिंच हीमोऱ्हस या वेगळ्या गटात आहेत.

खिडकीतून ओळखताना खरा घोटाळा हाउस फिंचशी होतो. तो मूळचा अमेरिकेच्या पश्चिमेचा. पिंजऱ्यातला पक्षी म्हणून विकायला बंदी आल्यावर 1940 च्या सुमारास न्यूयॉर्कजवळ सोडून दिला गेला आणि पूर्वेकडे फोफावला. त्याच्या नराचा लाल रंग कपाळ, गळा आणि छातीवर असतो, आणि कुशीवर तपकिरी रेघा स्पष्ट दिसतात. डाळिंबी फिंचच्या नराच्या कुशी बऱ्याच स्वच्छ असतात, रंग पाठीवरही उतरलेला असतो. हाउस फिंच वस्तीत रमतो, हा सूचिपर्णी आणि मिश्र जंगलात. सूर्यफुलाच्या बिया ठेवल्या तर दोघेही येतात.

डाळिंबी फिंचच्या मादीत लाल रंग नावालाही नाही. तिच्या तपकिरी चेहऱ्यावर डोळ्यावरून जाणारी ठळक पांढरी पट्टी शोधा. हाउस फिंचच्या मादीचा चेहरा सपाट, बिनरेषांचा असतो. आणि नातीला हेही सांगा: पांढऱ्या भुवईचा तपकिरी पक्षी फांदीवर बसून गात असेल तर लगेच मादी म्हणू नये. तो वर्षभराचा नर असू शकतो, त्याच्यावर डाळिंबी रंग अजून चढलेला नसतो.