समासात लिहिलेला प्रश्न

प्रिय मुली,

तुझा मेसेज परवा रात्री पावणेबाराला आला. लगेच उत्तर दिलं नाही, कारण घाईत काहीतरी धीर देणारं लिहून मोकळा झालो असतो. दोन दिवस तुझं एकच वाक्य डोक्यात फिरतंय: ‘सर, मी अभ्यास माझ्यासाठी करते की पप्पांसाठी, हेच मला कळेनासं झालंय.’

दहावीला ९७ टक्के, अकरावीत बॅचमध्ये पहिल्या दहात, आता बारावी आणि मेडिकलच्या प्रवेशाची नीट. अशा मुलीला कुणी ‘कसं चाललंय’ असं खरं विचारत नाही. नापास होणाऱ्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं. पहिल्या येणाऱ्याचं छानच चाललं असणार, असं धरून चालतात. शाळेत तीस वर्षं मीही तसंच धरून चाललो. तू माझ्या शेवटच्या बॅचची, तुलाही मी कधी विचारलं नाही. म्हणून हे पत्र जरा लांबेल.

आधी माझ्या घरातलं सांगतो. माझी मुलगी चौथीत स्कॉलरशिपला बसली होती. (तेव्हा ती परीक्षा चौथी आणि सातवीला असायची, मधली काही वर्षं पाचवी आणि आठवीला होती.) रोज संध्याकाळी जेवणाआधी मी तिच्याकडून बुद्धिमत्ता चाचणीचा एक संच सोडवून घ्यायचो. ती सतरंजीवर, मी समोर, हातात लाल पेन. एक दिवस लक्षात आलं की ती एका पर्यायावर पेन्सिल टेकवते आणि मान वर करून बघते. माझ्या चेहऱ्याकडे. माझी भुवई जराशी हलली की पेन्सिल शेजारच्या पर्यायावर सरकते. उत्तरं बरोबर येत होती. पण गणित ती सोडवतच नव्हती, ती मला वाचत होती. हे कळल्यावरही मी थांबलो नाही, कारण उत्तरं बरोबर येत होती ना! तिला शिष्यवृत्ती मिळाली, आम्ही गल्लीभर पेढे वाटले. सहावी-सातवीत तिला गणित नकोसं झालं आणि त्याचं नातं त्या लाल पेनाशी आहे, हे स्वतःशी कबूल करायला मला फार वर्षं लागली. तिची माफी मी मागितली, ती तिच्या लग्नानंतर.

म्हणून तुझा प्रश्न मी थोडा वेगळा करून विचारतो. अभ्यास कुणासाठी, हे रात्री छताकडे बघत शोधून सापडत नाही. त्यापेक्षा हे बघ: उत्तर चुकलं की तुझी नजर आधी कुठे जाते?

क्लासचा रविवारचा पेपर डोळ्यांसमोर आण. १८० प्रश्न, ७२० मार्क, बरोबरला चार, चुकलं की एक वजा. गोल रंगवलेली ओएमआर उत्तरपत्रिका देऊन बाहेर येतेस, संध्याकाळी आन्सर की येते, तू जुळवायला बसतेस. ऐंशीव्या प्रश्नाला तू ‘बी’ गोल केलेला, आन्सर की म्हणते ‘डी’. त्या क्षणी मनात काय येतं? ‘डी कसं काय?’ हे, की ‘पाच गेले, आता घरी काय सांगू?’ हे? दोन्ही येत असणार, प्रत्येकाच्या येतात. पण आधी काय येतं, आणि ‘डी कसं काय’ला किती वेळ मिळतो, ते बघ. चार आठवडे नुसतं बघ. स्वतःला बोल लावू नकोस.

तुझ्या मेसेजमध्ये तू सहज लिहून गेलीस: ‘पप्पांचा फोन आला की मला कळतं किती पडले.’ हे वाक्य मी तीनदा वाचलं. क्लासचा मेसेज थेट त्यांच्या मोबाईलवर जातो, तुझे मार्क तुझ्याआधी तुझ्या गावी पोचतात, आणि तिथून त्यांच्या आवाजात तुझ्याकडे परत येतात. म्हणजे तुला स्वतःचा पेपर कधी एकटीने बघायलाच मिळत नाही. मग अभ्यास कुणाचा हे कळेनासं होईल नाहीतर काय?

मानसशास्त्रात या विषयावर बरंच काम झालंय. त्यातला १९७३ सालचा अमेरिकेतला एक प्रयोग मी पालकसभेत सांगायचो. बालवाडीतल्या, ज्यांना चित्रं काढायला मुळातच आवडायचं अशा मुलांपैकी काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर छान रिबीन लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. मुलांनी काढली, प्रमाणपत्रं मिळाली. पुढे एक-दोन आठवड्यांनी कुणी काही देणार नसताना हीच मुलं रंगांकडे कमी वळली. ज्यांना बक्षीस कबूल केलं नव्हतं ती पूर्वीसारखीच रमली. आवड होती तिथेच बक्षिसाने तिला धक्का लावला, हे त्यातलं बोचणारं आहे.

पुढे एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या दोघांनी हे आणखी उलगडलं. ‘दडपण’ आणि ‘स्वतःची इच्छा’ असे दोन डबे नसतात, मधे पायऱ्या असतात, असं ते म्हणतात. एका टोकाला नुसता धाक किंवा बक्षीस. त्याच्या पुढची पायरी तुझ्यासारख्या हुशार मुलांची खास: बाहेरचा धाक गिळून आत बसवलेला. आता पप्पांनी काही म्हणायची गरजच उरत नाही. ते झोपलेत, तू जागी आहेस, आणि त्यांच्या आवाजात तूच स्वतःला म्हणतेस, ‘एवढं सोपं चुकवलंस?’ बाहेरून बघणाऱ्याला ही मुलगी फार ‘सेल्फ मोटिव्हेटेड’ वाटते. शिक्षक तिचं उदाहरण देतात. मी दिलंय, तुझंच, तुझ्या वर्गात. त्यापुढची पायरी म्हणजे ‘हे मला पटलंय, मला हवंय’ असं वाटून केलेलं काम. ते कंटाळवाणं असलं तरी चालतं. आणि दुसऱ्या टोकाला निव्वळ रमणं. एकाच दिवसात तू या सगळ्या पायऱ्यांवरून वरखाली करत असशील. सकाळी जेनेटिक्समध्ये रमलेली, दुपारी इनऑरगॅनिक केमिस्ट्रीची पाठांतरं दात-ओठ खाऊन, रात्री भीतीने. यात खोटं काही नाही.

आता पप्पांबद्दल. त्यांना मी ओळखतो, म्हणून त्यांची बाजूही मांडणार. चार एकर कोरडवाहू, दर दोन-तीन वर्षांनी पावसाचा दगा, आणि शासकीय कॉलेजची एक सीट म्हणजे घराण्याची दिशा बदलणार, हे त्यांना स्वच्छ दिसतं. ते चुकीचंही नाही. खासगी कॉलेजची फी त्यांच्या आवाक्यात कधीच येणार नाही, हे त्यांना माहीत आहे. त्यांचा आवाज चढतो तेव्हा त्यात राग कमी आणि भीती जास्त असते. आणि आई तुझ्यासाठी लातूरला एका खोलीत येऊन राहिली, गावाकडचं घर, म्हातारी सासू सोडून. तू लिहिलंस, ‘आई गरम पोळी वाढते तेव्हा मला रडू येतं.’ अगं, ती पोळी उसनी दिलेली नाही. तिची परतफेड नीटच्या मार्कांत करायची असं तू मनात ठरवलंस, तर प्रत्येक घासावर व्याज चढत जाईल, आणि हे तिला कळलं तर सगळ्यात जास्त दुःख तिलाच होईल. रोज रात्री जेवताना पुस्तक मिटून तिच्याशी अर्धा तास बोल. अभ्यास सोडून काहीही.

‘साडेसहाशे पाहिजेत’ हा पप्पांचा आकडा कुठून आला तेही बघू. २०२४ ला नीटच्या पहिल्या निकालात ७२० पैकी ७२० मिळवणारेच ६७ जण होते. २०२५ ला पेपर, त्यातून फिजिक्स, असा अवघड निघाला की देशात पहिल्या आलेल्याला ६८६ होते. साडेसहाशे मार्कांचा मुलगा २०२४ ला हजारोंच्या गर्दीत कुठेतरी होता, २०२५ ला तो देशातल्या पहिल्या शंभरात बसला असता. म्हणजे ज्या आकड्यावर तुम्ही दोघं रोज रात्री फोनवर भांडता, त्याचा अर्थ पेपर काढणाऱ्याच्या हातात आहे. हे त्यांना शांतपणे दाखव. त्यांना हिशेब कळतो, बाजारात भाव कसा ठरतो हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

एक मुलगा आठवतो. तेव्हा बोर्डाची गुणवत्ता यादी लागायची. यादीत आलेल्यांचे पेपरात फोटो यायचे, आई-वडील दोन्हीकडून पेढा भरवताना. त्याच्या वडिलांचं दुकान होतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक चाचणीचे मार्क तारखेच्या चौकोनात लिहिलेले असत, गिऱ्हाईकालाही दिसतील असे. मुलगा यादीत आला, पुण्याला इंजिनिअरिंगला गेला, आणि पहिल्याच सेमिस्टरला त्याला गणितात केटी लागली, म्हणजे विषय राहिला. ज्याने माझ्या वर्गात कधी एक मार्क घालवला नव्हता त्याला! दिवाळीच्या सुट्टीत तो भेटायला आला, बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, ‘सर, तिकडे कुणी विचारतच नाही.’ त्याला अवघड गेलं नव्हतं. पुस्तक का उघडायचं हेच सापडत नव्हतं. नंतर सावरला, पण दोन वर्षं गेली. मला तुझी काळजी नीटची नाही गं. नीटनंतरची आहे, जेव्हा मेसेज जाणं बंद होईल.

तर काय करायचं?

पप्पांशी ‘मला प्रेशर देऊ नका’ असं बोलू नकोस. त्याने त्यांना नक्की काय करायचं ते कळणार नाही, फक्त वाईट वाटेल. एक नेमकी गोष्ट माग. म्हण, ‘पप्पा, मेसेज येईल तो येऊ दे, पण पुढचे चार रविवार तुम्ही फोन करू नका. रात्री आठला मी करीन. मार्क मीच सांगेन, आणि कुठला प्रश्न का चुकला तेही सांगेन.’ संध्याकाळचे ते दोन-तीन तास तुझे आणि तुझ्या पेपरचे. त्या वेळात चुकलेल्यातले तीनच प्रश्न घे आणि ‘सिली मिस्टेक’ हा शब्द न वापरता कारण लिही. सिली म्हटलं की चौकशी बंद होते. पहिल्या रविवारी ते सव्वासातलाच फोन करतील, धरून चाल. चिडू नकोस, ‘आठला करते’ म्हण आणि ठेव. हवं तर मी त्यांच्याशी बोलतो, पण आधी तू बोल.

दिवसातला एक तास तू ठरव. क्लासचं वेळापत्रक बदलता येत नाही, मला माहीत आहे. पण त्या एका तासात काय वाचायचं हे कुठल्याही शीटवर लिहिलेलं नको. त्या तासाचा हिशेब कुणाला देऊ नकोस, मलाही नको.

आणि डॉक्टर व्हायचंच नसेल तर? तोही प्रश्न तुझ्या मेसेजमध्ये कुठेतरी दबलेला दिसला. विचारायला हरकत नाही, पण पेपर खराब गेलेल्या रात्री त्याचं उत्तर काढू नकोस. परीक्षेची भीती वेगळी आणि त्या कामाची नावड वेगळी. परीक्षा झाल्यावर आपल्या ग्रामीण रुग्णालयात एक दिवस ओपीडीच्या बाकावर बसून ये, काय दिसतं ते बघ. जीवशास्त्र आवडतं पण दवाखाना नको असं निघालं, तर पुण्याच्या आयसरसारख्या विज्ञान संस्थेत ते शास्त्र म्हणून शिकता येतं. त्याची प्रवेश परीक्षा वेगळी असते. वाटा आहेत. आत्ता फक्त माहीत असू दे.

एक मात्र गंभीरपणे सांगतो. झोप सलग काही दिवस लागली नाही, जेवण जाईना, किंवा ‘आपण नसलो तर बरं’ असला विचार एकदा जरी आला, तर त्याच मिनिटाला आईला उठव. मला कितीही वाजता फोन कर. १४४१६ हा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, तिथे मराठीत बोलता येतं. यात अभ्यास बुडण्याचा विचार करायचा नाही.

आता शेवटचं. परवा मार्क दाखवायला तू वहीच्या पानाचा जो फोटो पाठवलास, तो मी मोठा करून बघितला. ब्लडचा धडा, रक्तातल्या लाल पेशींचं (आरबीसी) पान. समासात पेन्सिलीने, बारीक अक्षरात लिहिलंय: ‘बेडकाची आरबीसी लंबगोल, तिला न्यूक्लियस. माणसाची गोल, तिला नाही. मग उंटाची न्यूक्लियस नसून लंबगोल का???’ तीन प्रश्नचिन्हं. हे तुला कुणी विचारलेलं नाही, पेपरलाही बहुधा यायचं नाही. तू ते कुणाला दाखवायला लिहिलं नव्हतंस, चुकून फोटोत आलं.

मी गणिताचा माणूस, मला उत्तर येईना. थोडं वाचलं. उंट एका दमात भरमसाट पाणी पितो, तेव्हा रक्त पातळ होऊन त्या पेशी फुगतात, पण फुटत नाहीत, एवढं सापडलं. पण न्यूक्लियस, म्हणजे पेशीतलं केंद्रक, नसताना तो आकार आतून कोण धरून ठेवतं, ते मला नीट समजलं नाही. तुझ्या त्या एका तासात बघ, आणि सापडलं की मला समजेल असं लिहून पाठव.

तुझा,
सर